सायबर हल्ला आणि तिसरा ड्रम

सायबर हल्ला झालाच नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. पण न झालेल्या हल्ल्यात ज्याचं खरोखर नुकसान झालं असं अख्ख्या देशात एकच घर असावं, आणि ते आमचं आहे. सिडकोत या आणि कुणालाही विचारा, "ज्वारीत किल्ली हरवलेले अजिनाथराव कुठं राहतात?" लहान पोरगंसुद्धा आणून सोडील. माझं आडनाव मात्र कुणाला माहीत नाही.

मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. नट, बोल्ट, पट्टे, ग्रीस, हातमोजे. एके दिवशी कंपनीत पुण्याहून एक पोरगेलासा तज्ज्ञ आला आणि त्यानं पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला सांगितलं, की कुणीतरी कुठंतरी बसून एक बटण दाबतो आणि अख्ख्या शहराची वीज जाते. तासाभरासाठी नाही, पंधरा पंधरा दिवस! बाकीची मंडळी समोशाची वाट बघत पेंगत होती. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. "आपल्यापैकी किती जणांच्या घरी तयारी आहे?" त्यानं विचारलं. एकही हात वर गेला नाही. तो प्रश्न त्यानं मलाच विचारला, असं मला आजही वाटतं. अहो, साठा करणं हा माझा धंदा! आयुष्यात पहिल्यांदा एक संकट थेट माझ्या खात्यातलं निघालं होतं. मला इतका आनंद झाला की मी दोन समोसे जास्त खाल्ले.

घरी आलो तेव्हा सत्यशीला, म्हणजे आमची ही, भाकरी थापत होती.

"लाईट जाणार आहे," मी दारातूनच जाहीर केलं.

"कधी?"

"ते सांगून थोडंच येतं?"

"मग रोजच्यासारखंच की," ती म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

बायको ही अशी असते. पण त्याच ताटावर तिनं दुसरी बातमी दिली आणि माझ्या योजनेला एकदम धार आली. तात्यासाहेब येणार होते.

तात्यासाहेब म्हणजे माझे सासरे. मुक्काम लासूर स्टेशन. शेती दांडगी, बोअरला पाणी रग्गड, आवाज त्याहून मोठा. सासूबाई गेल्यापासून घरात एकटेच असतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आमच्याकडं एक रात्र राहिलेला नाही. सकाळच्या गाडीनं ज्वारीचं पोतं घेऊन येणार, चहा घेणार, ओट्यावरच्या तीन निळ्या ड्रमांकडं बघणार आणि विचारणार, "पाणी कधी आलतं?" आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. उत्तर ऐकलं की मान हलवायची आणि म्हणायचं, "ज्या गावात पाणीच पाव्हण्यासारखं येतंय, तिथं पाव्हण्यानं राहू नये." की निघाले परतीच्या गाडीला. सत्यशीला दारात उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायची आणि मग आत जाऊन तासभर भांडी घासत बसायची.

आता त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. मोतीबिंदू. रविवारी येणार, सोमवारी ऑपरेशन, मंगळवारी परत, असा त्यांचा हुकूम होता.

"पुढं महिनाभर डोळ्यात औषध घालावं लागतं हो," सत्यशीला म्हणाली. "तिकडं एकटे बसून घालतील आणि निम्मं गालावर सांडतील. या वेळेला त्यांना ठेवून घ्यायचंय मला. काही कमी पडू देऊ नका. एकदा राहिले की राहतील."

तिचा आवाज जरा बारीक झाला. मी म्हणालो, "तू काळजीच सोड." कारण माझाही एक जुना हिशेब होता. "पाव्हणं माणूस लई चांगलं हाय, पर हाताला काय येत नाय," असं तात्यासाहेब माझ्याबद्दल चारचौघांत बोलतात. मी एकदा त्यांच्यासमोर पंखा दुरुस्त केला होता आणि तो उलटा फिरला, एवढंच. पंधरा दिवस वीज नसताना निर्धास्त चालणारं घर त्यांना दाखवायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

तयारी म्हटली की सल्ला आला. आमच्या उजव्या हाताला पुंडलिकराव राहतात. जन्मभर विजेच्या खांबांवर चढून निवृत्त झालेले. विजेबद्दल दुसरं कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. "सायबर-बियबर काही नसतं," ते म्हणाले. "फ्यूज उडतो. लोक उगं मोठी नावं देतात." एवढं बोलून त्यांनी मला अंगणात तीन विटांची चूल मांडायला लावली, मग तिची दिशा चुकली म्हणून मोडायला लावली, मग पुन्हा मांडायला लावली. डाव्या हाताला मुजीबभाई. त्यांचं शहागंजात बॅटऱ्यांचं दुकान आहे.

"टेन्शन नक्को लो अजिनाथभाई," ते म्हणाले. "मैं हूँ ना बाजू में. लाईट गयी तो मेरे घर आ के बैठना."

"और आपकी भी गयी तो?"

"तो मैं आपके घर आ के बैठूंगा. हौ, इसमें क्या?"

यात तयारी कुठं आली? पण माणूस इतका मनापासून बोलला की मी त्याच्याकडून एक मोठी विजेरी घेऊन टाकली. तिला चार्जिंग लागतं हे मला घरी आल्यावर कळलं.

मग रॉकेल. रेशनच्या दुकानात जाऊन रॉकेल मागितलं तर दुकानदारानं आतून त्याच्या वडिलांना बोलावलं, मला दाखवायला. "बघा आप्पा, रॉकेल मागायलेत!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला एका कचेरीत जायला सांगितलं. त्या कचेरीचं नाव मी सांगणार नाही, मला पुन्हा तिथं जावं लागू शकतं. पहिल्या खिडकीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं. शेवटी एका बाईंनी माझा अर्ज वाचला. 'कारण' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : संभाव्य सायबर हल्ला.

"हल्ला झाल्याचा दाखला कुठंय?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, हल्ला अजून व्हायचाय."

"मग झाल्यावर या. दाखला जोडा."

"पण झाल्यावर तुमचे कॉम्प्युटर बंद असतील ना!"

"ते आत्ताही बंदच आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "सर्व्हर डाऊन आहे सकाळपासून."

मी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि बाहेर आलो. वाटेत सरपण घेतलं.

आता ड्रमांकडं येतो, कारण माझी अब्रू तिथंच बुडाली. साठा करायचा तर उंदीर-घूस लागणार नाही असं भांडं हवं. तात्यासाहेबांनी पाठवलेली ज्वारी पोत्यांत पडून होती. घरात घट्ट झाकणाची, मजबूत, मोठी भांडी कोणती? ते तीन निळे ड्रम! गेल्या पाण्याचं पाणी त्यांत तळाला आलंच होतं. मी तिन्ही पुसून, उन्हात वाळवून दोन ज्वारीनं गच्च भरले. तिसऱ्यात डाळी, मीठ, गूळ, मेणबत्त्या, काड्यापेट्या.

सत्यशीला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि पाणी आल्यावर? ते काय माझ्या पदरात भरू?"

"वर टाकी आहे की. पाणी सोमवारी येणार. मोटार लावायची, टाकी भरायची. ड्रमांच्या जागी मंगळवारी पिंपं आणतो."

"अहो, या गावात लोक सोनं विकतील, पण ड्रम रिकामा करणार नाहीत."

मी हसलो. मला आठवतंय, चांगला मोठ्यांदा हसलो. आणि सोमवारी ताजं पाणी येणार म्हणून रविवारी सकाळी टाकीतलं उरलंसुरलं पाणी सोडून तीही घासून धुऊन काढली. जुना माल आधी काढायचा, हा स्टोअर्सचा पहिला नियम आहे.

रविवारी दुपारी सराव ठेवला होता. युद्धाचा सराव असतो तसा अंधाराचा सराव. तात्यासाहेबांची गाडी यायच्या आत घरातली वीज बंद करायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घर कसं झकास चालतं ते दाखवायचं. हल्ल्यात फोनही बंद पडतात, म्हणून मी सगळ्यांचे मोबाईल जप्त करून बंद केले आणि कुकरमध्ये ठेवून वर झाकण लावलं. आमची मोनिका इंजिनिअरिंगला आहे. तिनं फोन देताना माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची किडनीच मागितली होती. "पप्पा, हे बेकायदेशीर आहे," ती म्हणाली. मग मी शिट्टी वाजवली, पोर्चमधल्या पेटीतला मेन स्विच खाली ओढला आणि मध्येच कुणाचं मन डळमळू नये म्हणून पेटीला कुलूप घातलं. साधंसुधं नाही, आमच्या स्टोअर्सला असतं तसलं. किल्ली कुठं ठेवायची हेही ठरलेलं होतं : ज्वारीच्या ड्रमात, खोल.

पंखे थांबले. फ्रीज एकदा कण्हला आणि गप्प झाला. मला असं काही भारी वाटलं म्हणून सांगू! चूल पेटवायला घेतली. धूर पुंडलिकरावांच्या दिशेला गेला, म्हणजे दिशा बरोबर होती.

आणि तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

आमच्या गावात या आरोळीला जो मान आहे तो देवाच्या आरतीलाही नाही. बायका पुऱ्या तळता तळता गॅस बंद करून धावतात. पाणी सोमवारऐवजी रविवारीच येणार, असा निरोप थोड्याच वेळापूर्वी गल्लीच्या ग्रुपवर आला होता म्हणे. सगळ्यांना कळला. आमचे फोन कुकरात होते.

नळाला थेट मोटार लावायची नाही असा नियम आहे, त्यामुळं ती सगळ्यांकडं आहे. घूंऽऽ करून गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या. आमची सोडून. सगळी गल्ली पाणी ओढायला लागली की ज्याची मोटार बंद त्याच्या नळातून नुसती हवा येते. आमचा नळ फुस्स फुस्स करायला लागला.

"स्विच चालू करा!" सत्यशीला ओरडली.

"किल्ली!" मी ओरडलो आणि ज्वारीच्या ड्रमात खांद्यापर्यंत हात घातला. किल्ली लागेना. दुसऱ्या ड्रमात घातला. लागेना. "ओता!" मी म्हणालो. मी आणि मोनिकानं मिळून ड्रम आडवा केला. ज्वारी ओट्यावरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून अंगणात गेली. दुसराही ओतला, आणि न जाणो म्हणून डाळींचा तिसराही. आम्ही तिघं ज्वारीत गुडघे टेकून किल्ली शोधतोय, पुंडलिकराव हातोडा घेऊन कुलपावर घाव घालतायत ("कुलूप चांगलं आहे हो!" असं मध्ये मध्ये कौतुकही करतायत), नळ फुसफुसतोय, चूल धुमसतेय, आणि फाटकात रिक्षा थांबली.

तात्यासाहेब उतरले. धोतर, टोपी, हातात काठी, खांद्यावर पिशवी. मोतीबिंदूमुळं त्यांना धड दिसत नव्हतं, पण पायाखाली ज्वारी कचकचली ती बरोबर कळली. खाली वाकून त्यांनी मूठभर उचलली, चोळली, वास घेतला.

"माझ्याच रानातली हाय," ते म्हणाले. "पाव्हणं, पेरणी काढली व्हय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. सत्यशीलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या दिवशी आमच्या घरात आलेलं पहिलं पाणी ते. "तात्या, घरात प्यायला पाणी नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही यायचे आणि..." मला कळलं, संपलं सगळं. आता हा माणूस रिक्षा थांबवणार आणि त्याच पावली स्टेशनवर जाणार, आणि परत कधी येणार नाही.

तेवढ्यात भिंतीवरून मुजीबभाईंचं डोकं वर आलं. "अजिनाथभाई, मेरी टंकी फुल हो गयी! पाइप पकडो, पाइप! पानी जाने को आया!"

भिंतीवरून हिरवा पाइप सापासारखा आत पडला. काय त्याचा जोर! पहिला फवारा तात्यासाहेबांच्या टोपीवर. मला वाटलं आता भडकतात. पण त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी पाइप धरला, लहानपणी पाटाचं पाणी धरावं तसा. "बघता काय? भांडी आणा!" ते गरजले. "आगं शीले, हंडा आण! पोरी, पातेली आण! पाव्हणं, हाला की!"

मग जी धावपळ झाली! हंडा, पातेली, कढई, परात, पूजेचा तांब्या, सगळं भरलं. मला तर उत्साहाचं भरतं आलं होतं. दिसेल ते भांडं उचलायचं आणि पाइपाखाली धरायचं. कुकर उचलला, झाकण काढून भिरकावलं आणि काठोकाठ भरला. मोनिकाची किंकाळी ऐकून मला कुकरात काय होतं ते आठवलं.

थोड्याच वेळात पाइप लुळा पडला. पाणी गेलं. कुलूप फुटलं नव्हतं. किल्ली मिळाली नव्हती. तीन ड्रम रिकामे, टाकी रिकामी, फोन पाण्यातून काढून ज्वारीत वाळत घातलेले. पुंडलिकरावांच्या हातोड्याचा दांडा मात्र मोडला होता.

पण खरं सांगू का, ती संध्याकाळ आमच्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती. टीव्ही नाही, फोन नाही, पंखा नाही. मग बसणार कुठं? सगळे अंगणात चुलीभोवती बसलो. मुजीबभाईंकडं लाईट होती, तरी ते आमच्याकडंच येऊन बसले. सत्यशीलानं चुलीवर भाकरी टाकल्या, ठेचा केला. तात्यासाहेब एकामागून एक भाकरी मोडत होते आणि मोनिका त्यांना खोदून खोदून विचारत होती, आजी कशी होती, लासूरला पहिल्यांदा लाईट आली तेव्हा काय झालं. फोन असता तर या पोरीनं मान वर केली नसती. म्हातारा सांगायचा थांबेना. "लाईट आली त्या दिवशी तुझी आजी दिव्याखाली बसून नुसती माझ्याकडं बघत व्हती," ते म्हणाले. "म्हनली, तुमी इतकं काळं हाय व्हय?" मुजीबभाई हसता हसता विटेवरून खाली पडले.

मग तात्यासाहेबांनी काठीनं एक निखारा मागं सारला. "तिकडं समदं हाय," ते विस्तवाकडं बघत म्हणाले. "लाईट हाय, पाणी हाय. बोलाया कुणी नाय." सत्यशीला परातीत हात तसाच ठेवून बसली. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

सोमवारी सकाळी पुंडलिकरावांनी करवतीचं पातं आणून कुलूप कापलं. ऑपरेशन झकास झालं. मंगळवारी डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा घालून तात्यासाहेब ओट्यावर बसले होते. सत्यशीलानं चाचरत विचारलं, "तात्या, पिशवी भरू का?"

तात्यासाहेबांनी काठीनं एक ड्रम वाजवला. ढब्ब. दुसरा वाजवला. ढब्ब. तिसरा वाजवला.

"लेकीच्या घरातली भांडी रिकामी बघून बाप जात नसतोय," ते म्हणाले. "तिन्ही ड्रम पाण्यानं भरल्याबिगर मी हितनं हलत नाय. आन डॉक्टरनं डोक्यावरनं पाणी घ्यायचं नाय म्हनून सांगितलंय. तर तुमच्याएवढी सोयीची जागा मला दुसरी कुठं घावंल?"

सत्यशीला आत गेली ती स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज करत बसली. रडताना ती तसंच करते.

किल्लीचंही सांगून टाकतो. ती पुढच्या पाण्याला सापडली. पाणी आलं, बऱ्याच दिवसांनी मी बादलीभर पाणी घेऊन अंघोळीला बसलो, आणि कमरेच्या करदोट्यापाशी काहीतरी टोचलं. ज्वारीपेक्षा अंगावर जास्त सुरक्षित, म्हणून ऐन वेळी मी ती तिथं बांधली होती आणि शिट्टी वाजवण्याच्या नादात साफ विसरलो होतो. घरात अंघोळीपुरतं पाणी असतं तर ती त्याच दिवशी मिळाली असती, म्हणजे चूक माझी नव्हे, पाण्याची. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणाला पटलं नाही.

त्या दिवशी मी ओट्यावर आलो तर मोटार घुमत होती आणि पहिला ड्रम भरून वाहत होता. दुसराही भरला. सत्यशीला तिसऱ्यापाशी पाइप घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरलेला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. मी स्टोअर्सचा माणूस. उभ्या जन्मात साठा कमी ठेवलेला मला खपलेला नाही. मी पुढं झालो, तिच्या हातातून पाइप घेतला आणि अंगणातल्या गुलमोहराच्या बुंध्यात सोडून दिला. तिसऱ्या ड्रमावर झाकण घट्ट लावलं.

"पाणी गेलं हो!" मी मोठ्यांदा ओरडलो.

तात्यासाहेब काठी टेकत आले. डोळा आता चांगला झाला होता, चष्मा गेला होता. गुलमोहराखाली झालेला चिखल त्यांनी बघितला. माझ्याकडं बघितलं. लेकीकडं बघितलं. मग काठीनं तिसरा ड्रम वाजवला.

"आयला, ह्यो रिकामाच राह्यला की!" ते म्हणाले आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी या गावाच्या पाण्याच्या नावानं बोंब मारली. इतक्या आनंदानं मारलेली बोंब आमच्या गल्लीनं तोवर ऐकली नव्हती. आता ती दर पाण्याला ऐकते.